एकच पाया, वेगवेगळे लोगो: मिडसाइज गाड्यांच्या प्लॅटफॉर्मबद्दल सांगलीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत शंभर फुटी रोडला माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. गेल्या चार-पाच वर्षांत काउंटरवरचे प्रश्न बदलले. पूर्वी गिऱ्हाईक म्हणायचं, "व्हेंटोचा क्लच द्या." आता म्हणतं, "अण्णा, टायगुनचा आर्म कुशाकला बसतो म्हणे, खरं का?" कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की फोक्सवॅगनची टायगुन आणि स्कोडाची कुशाक या दोन्ही गाड्या 'आतून एकच' आहेत. हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यावर लोक लाखांचे व्यवहार करतात. म्हणून वारंवार येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहितोय.

प्लॅटफॉर्म म्हणजे चासीच ना?

बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारख्या गाडीला खाली लोखंडी शिडीसारखी चासी असते आणि वर बॉडी बोल्टांनी बसवलेली असते. तिथे चासी वेगळी काढून दाखवता येते. कुशाक, क्रेटा, ग्रँड व्हिटारा या गाड्यांना अशी वेगळी चासी नसते. फ्लोअर, खांब, छत सगळं वेल्डिंग करून एकच कवच केलेलं असतं.

या गाड्या लिफ्टवर चढवा आणि खालून बघा. फ्लोअरचे पत्रे, पुढे इंजिन ज्यावर बसतं ते लांब मेंबर, इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत, सबफ्रेम, लोअर आर्म (पुढचं चाक खालून धरणारा दांडा), मागचा ॲक्सल, स्टिअरिंगची जोडणी, पेट्रोलच्या टाकीची जागा. हे सगळं मिळून प्लॅटफॉर्म. आजकाल त्यात वायरिंग आणि कॉम्प्युटर मॉड्यूल एकमेकांशी कसे बोलतात, तेही धरतात. दरवाजे, बॉनेट, बंपर, दिवे, डॅशबोर्ड हा वरचा साज. तो प्रत्येक ब्रँड आपापला करतो.

आपल्याकडच्या कोणत्या गाड्या एकमेकांची भावंडं आहेत?

स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगुन, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस ही चौघं सख्खी भावंडं. प्लॅटफॉर्मचं नाव एमक्यूबी ए-झिरो आयएन. शेवटचं 'आयएन' म्हणजे इंडिया. चारही गाड्या चाकणला बनतात. कुशाक जून २०२१ मध्ये आली, टायगुन सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि दोन्ही सेडान २०२२ मध्ये. याच कुटुंबात पुढे स्कोडाची धाकटी कायलॅक आली.

मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर ही दुसरी जोडी. दोन्ही २०२२ च्या, दोन्ही कर्नाटकात बिडदीच्या टोयोटाच्या कारखान्यात तयार होतात. म्हणजे मारुतीचा लोगो लावलेली ग्रँड व्हिटारा टोयोटाच्या लाइनवरून बाहेर पडते. हे सांगितलं की अजूनही लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

२०१९ ची किया सेल्टॉस आणि २०२० ची ह्युंदाई क्रेटा यांचा पायाही एकाच घरातला. दोघींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, २६१० मिमी. फरक असा की एक आंध्रात अनंतपूरला बनते, दुसरी चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला. जुन्या बाजारात अजून फिरणारी जोडी म्हणजे रेनॉ डस्टर आणि निसान टेरानो, आणि त्याहून जुनी फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड.

कंपन्या असं का करतात? नवीन गाडी नवीन पायावर का नाही काढत?

पैसा. गाडीत सगळ्यात महाग आणि वेळखाऊ काम पायाचंच. पत्र्याचे मोठे साचे, क्रॅश टेस्टिंग, इंजिन बसवण्याची गणितं, ब्रेक आणि स्टिअरिंगची जुळवाजुळव. ते एकदा करून चार गाड्यांवर वाटलं तर प्रत्येक गाडीच्या वाट्याला येणारा खर्च उतरतो. स्कोडा-फोक्सवॅगनने २०१८ मध्ये भारतासाठी एक अब्ज युरोचा कार्यक्रम जाहीर केला होता. एवढी रक्कम एका मॉडेलवर वसूल होणं अवघड, पाच मॉडेलवर शक्य.

फोक्सवॅगन गटाचा (स्कोडा त्यातलीच) मूळ एमक्यूबी प्लॅटफॉर्म २०१२ मध्ये युरोपात आला. त्यातली युक्ती मला फार आवडते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून पॅडलपर्यंतचं अंतर सगळ्या गाड्यांत एकच ठेवलं, आणि इंजिन कुठलंही असो, ते मागे १२ अंशांत कललेलंच बसवायचं असं ठरवलं. एवढं पक्कं केल्यावर बाकी सगळं ताणता येतं: व्हीलबेस, रुंदी, मागचा भाग. म्हणून कारखान्यात एकाच लाइनवर पाठोपाठ वेगवेगळ्या गाड्या बांधता येतात.

कायलॅकचं उदाहरण बघा. कुशाकचा व्हीलबेस २६५१ मिमी, कायलॅकचा २५६६. मधले ८५ मिमी कमी केले, मागचा भाग आखडला आणि गाडी ३९९५ मिमीत बसवली. चार मीटरच्या आत राहिलं आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलं की कर कमी लागतो. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या गाडीला ४०. पाच मिलिमीटर राखून कर वाचवलाय.

आणि उलट दिशेला स्लाव्हिया बघा. तिचा व्हीलबेस कुशाकचाच, २६५१. पण लांबी ४५४१ मिमी, कुशाकची ४२२५. वाढलेली लांबी डिकीत गेली: कुशाकची डिकी ३८५ लिटर, स्लाव्हियाची ५२१.

लोगो बदलून तीच गाडी विकणं ही फसवणूक नाही का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. एक म्हणजे पाया एक आणि वरचं सगळं वेगळं. कुशाक आणि स्लाव्हिया शेजारी उभ्या केल्या तर एक उंच एसयूव्ही आहे आणि दुसरी बुटकी सेडान. याला फसवणूक म्हणता येणार नाही. हे चांगलं इंजिनिअरिंग आहे.

दुसरी म्हणजे ग्रिल, बंपर, दिवे बदलायचे आणि बाकी तीच गाडी. टेरानो २०१३ मध्ये आली तेव्हा ती बरीचशी डस्टरच होती, आणि वर किंमत डस्टरपेक्षा जास्त होती. लोकांनी ते ओळखलं. रस्त्यावर डस्टर किती दिसतात आणि टेरानो किती, हे मोजून बघा.

यातलं एक जुनं गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं आहे. जनरल मोटर्सने १९८२ च्या मॉडेलसाठी एकाच पायावर चार ब्रँडच्या मिडसाइज गाड्या काढल्या: शेव्हरोले सेलेब्रिटी, पॉन्टिॲक ६०००, ओल्ड्समोबिल कटलास सिएरा आणि ब्यूक सेंच्युरी. त्या इतक्या सारख्या दिसत होत्या की ऑगस्ट १९८३ मध्ये फॉर्च्यून मासिकाने चारही गाड्या ओळीने मुखपृष्ठावर छापल्या. ब्यूकसाठी जास्त पैसे मोजणाऱ्या माणसाला ते चित्र बघून काय वाटलं असेल? त्या चार ब्रँडांपैकी ओल्ड्समोबिल आणि पॉन्टिॲक आज नाहीत. त्याला कारणं अनेक होती, पण गिऱ्हाइकाला फरक दिसला नाही तर तो जास्त पैसे देत नाही, हे चाकणला असो की डेट्रॉइटला, सारखंच.

माझं मत विचाराल तर पाया एक असल्याचं कंपनीने लपवू नये आणि गिऱ्हाइकानेही त्याची लाज धरू नये. एका सेल्समनने माझ्यासमोर एका बाईंना सांगितलं होतं, "त्या गाडीचा आणि आमचा काहीच संबंध नाही." तसं नव्हतं. त्या बाईंनी आयुष्यातली पहिली गाडी घ्यायला बँकेचं कर्ज काढलं होतं. अशा माणसाला खरं सांगायला हवं.

पाया एक, मग चालवायला सगळ्या सारख्याच लागतात का?

नाही. स्प्रिंगची ताकद, शॉकॲब्सॉर्बरचं सेटिंग, टायरचा आकार, गाडीचं वजन आणि उंची यांवर चाल ठरते. कुशाक आणि स्लाव्हिया दोन्ही घेऊन मिरज-पंढरपूर रस्त्याला जाऊन या. सेडान वळणावर जमिनीला चिकटून जाते, एसयूव्ही थोडी डुलते पण खड्ड्यात बरी. टायगुन आणि कुशाक मात्र डोळे मिटून बसलात तर ओळखता येणं कठीण. ज्यांना दोन्हीतली एक निवडायची आहे त्यांनी सीटवर बसून बघावं, डिस्काउंट आणि सर्व्हिस सेंटरचं अंतर बघावं. चालीवरून ठरवायला जाऊ नये.

एका गाडीला पाच स्टार मिळाले तर तिच्या भावंडालाही मिळालेच म्हणायचे का?

नेमकं कोणत्या गाडीची टेस्ट झाली ते वाचा. कुशाक आणि टायगुन यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या ठोकून सुरक्षा तपासणारी संस्था) मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३४ पैकी २९.६४ गुण दिले, मुलांसाठी ४९ पैकी ४२. पाच स्टार. पण त्यावर स्लाव्हिया आणि व्हर्टस यांना आपोआप पाच स्टार दिले गेले नाहीत. त्यांची वेगळी टेस्ट झाली आणि २०२३ मध्ये त्यांनाही पाच स्टार मिळाले. सेल्टॉस २०२० मध्ये आणि क्रेटा २०२२ मध्ये, दोघींना मोठ्यांसाठी तीन स्टार आले. म्हणजे पाया एक असला की निकाल बऱ्याचदा जवळ येतो, हे खरं.

पण डस्टरची गोष्ट लक्षात ठेवा. २०१७ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात बनलेली बिनएअरबॅगची डस्टर ठोकली, शून्य स्टार. तीच डस्टर, ड्रायव्हरला एक एअरबॅग असलेली, तीन स्टार. पाया तोच, पत्रा तोच, फरक एका एअरबॅगचा. जुन्या बाजारातली बेस मॉडेलची गाडी घेताना 'हिच्या भावाला पाच स्टार आहेत' हे वाक्य कुणी ऐकवलं तर पहिलं विचारा, हिच्यात एअरबॅग किती?

स्पेअर पार्ट एकमेकांना बसतात का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथे सविस्तर.

खालच्या बाजूचे बरेच पार्ट एकच असतात: लोअर आर्म, बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, व्हील बेअरिंग, इंजिन माउंटिंग, फिल्टर, पाण्याचा पंप, इग्निशन कॉइल, सेन्सर. एकाच इंजिनाची गाडी असेल तर इंजिनाचा जवळजवळ सगळा माल एकच. एक लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) कुशाकमध्ये असो की व्हर्टसमध्ये, ते ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं ११५ पीएस ताकदीचं इंजिनच आहे.

वरच्या बाजूचं जवळपास काहीच बसत नाही. हेडलाइट, टेललाइट, बंपर, ग्रिल, फेंडर, बॉनेट प्रत्येकाचं वेगळं. दिसायला अगदी जुळ्या असल्या तरी क्लिपा आणि बोल्टची भोकं दोन-चार मिलिमीटरने सरकलेली असतात. डेंटिंगवाला ठोकून बसवतो, आणि पुढच्या पावसाळ्यात हेडलाइटमध्ये पाणी दिसतं.

खरी अडचण मधल्या पार्टांची. ब्रेक डिस्क, शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंग, ड्राइव्हशाफ्ट, क्लच. हे पाया बघून ठरत नाहीत. इंजिन, गिअरबॉक्स आणि वजन बघून ठरतात. दीड लिटरच्या इंजिनाची ताकद १५० पीएस आणि टॉर्क (पिळण्याचा जोर) २५० न्यूटन-मीटर, एक लिटरची ११५ पीएस आणि १७८. दोघांना एकच क्लच कसा पुरेल? एकाच कुशाकमध्ये दोन इंजिनांना वेगवेगळे पार्ट लागू शकतात, आणि वेगळ्या ब्रँडची पण त्याच इंजिनाची टायगुन त्यातला नेमका एक पार्ट वापरत असते. म्हणून 'कुशाकचा द्या' असं म्हणून काम भागत नाही.

काम भागतं ते पार्ट नंबरने. फोक्सवॅगन गटाचा नंबर वाचायला शिकलात तर कुठल्याही काउंटरवर तुम्हाला कुणी गंडवू शकणार नाही. पहिली तीन अक्षरं सांगतात की हा पार्ट पहिल्यांदा कोणत्या गाडीसाठी तयार झाला. मधले तीन आकडे पार्टचा गट सांगतात: ४०७ म्हणजे पुढचा आर्म, ६१५ म्हणजे ब्रेक डिस्क, ६९८ म्हणजे ब्रेक पॅडचा सेट. नंतरचे तीन आकडे नेमका पार्ट. शेवटी एखादं-दुसरं अक्षर असतं, ते सुधारणेचं. ए नंतर बी, बी नंतर सी. शेवटचं अक्षर वेगळं असलेला पार्ट पुष्कळदा बसतो, पण नेहमी नाही. त्यासाठी चासी नंबर टाकून तपासावं लागतं.

म्हणूनच स्कोडाच्या पार्टवर पोलोसाठी पहिल्यांदा दिलेला नंबर दिसला तर दचकू नका. तो जुना माल नाही, जुनं कुळ आहे.

तासगावचे एक शिक्षक माझ्याकडे आले होते. त्यांच्या गाडीचा पुढचा आर्म वाकला होता. सर्व्हिस सेंटरने तीन आठवडे थांबायला सांगितलं होतं आणि त्यांचं रोजचं जाणं-येणं बंद पडलं होतं. मी चासी नंबरवरून पार्ट नंबर काढला. तोच नंबर दुसऱ्या ब्रँडच्या कोल्हापूरच्या काउंटरवर शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीच्या पार्सलने आला. बॉक्सवर दुसऱ्याच ब्रँडचं स्टिकर बघून ते म्हणाले, "हा चालेल का हो?" मी जुना आर्म आणि नवा आर्म शेजारी ठेवले आणि दोन्हीवर उठवलेला नंबर त्यांनाच वाचायला लावला. शिक्षकच ते, एकेक आकडा मोठ्याने वाचला.

मग वॉरंटीत असलेली गाडी दुसऱ्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला नेली तर?

नेऊ नका. वॉरंटी लोगोची असते, पायाची नाही. हायरायडर मारुतीच्या शोरूममध्ये नेली तर तिथला माणूस इंजिन ओळखेल, पण वॉरंटीचा क्लेम टोयोटाकडूनच होणार. वॉरंटी संपल्यावर मात्र चांगला मेकॅनिक शोधा. दोन्हीपैकी एका ब्रँडवर ज्याचा हात बसलाय तो दुसरीही नीट करतो.

एका गाडीचा रिकॉल निघाला तर तिच्या जुळ्या गाडीचं काय?

लगेच तपासा. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी ग्रँड व्हिटारासह काही मॉडेलच्या १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. त्याच काळात बनलेल्या ग्लान्झा आणि हायरायडर मिळून १,३९० गाड्या टोयोटानेही त्याच पार्टसाठी बोलावल्या. पार्ट एक, म्हणून दोष एक. ज्याने बातमीत फक्त 'मारुती' वाचलं आणि पान उलटलं, त्या हायरायडरवाल्याने काय करायचं?

२०२५ मध्ये मागच्या सीटबेल्टच्या बकलसाठी रिकॉल निघाला तेव्हाही कुशाक, स्लाव्हिया, कायलॅक, टायगुन, व्हर्टस असं अख्खं घराणं त्यात होतं. कंपनीच्या वेबसाइटवर १७ अक्षरांचा चासी नंबर टाकला की तुमची गाडी त्यात आहे का ते कळतं. जुनी गाडी घेतली असेल तर कंपनीकडे पहिल्या मालकाचा फोन नंबर असतो, निरोप त्याच्याकडे जातो. तुम्हीच जाऊन विचारायचं. रिकॉलचं काम फुकट असतं.

पुरात भिजलेली गाडी ओळखायची कशी? आणि त्यात प्लॅटफॉर्मचा काय संबंध?

सांगलीकराला हा प्रश्न विचारावाच लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. मारुती चौक, टिळक चौक, स्टेशन रोड, गावभाग, सांगलवाडी सगळीकडे गाड्या छतापर्यंत बुडाल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्या महिन्यांत शंभर फुटी रोडला चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग मी रोज बघत होतो, आणि तो वास अजून नाकात आहे.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. तिथून ती सगळीच भंगारात जात नाही. कुणीतरी उभी करतं, धुतं, पॉलिश करतं आणि दुसऱ्या जिल्ह्यात विकायला लावतं.

प्लॅटफॉर्मचा संबंध इथे येतो. पाया एकच असल्याने कंट्रोल मॉड्यूल, वायरिंगचे भाग, सीटच्या रेल, मीटरचा क्लस्टर यांतल्या काही वस्तू एका गाडीतून दुसऱ्या गाडीत घालता येतात. पुराच्या गाडीत अपघाताच्या जुळ्या गाडीचे मॉड्यूल बसवले की गाडी चालू होते आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. वरून काही कळत नाही.

म्हणून मी दोन प्रकारे बघतो. एक, हाताने. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ दिसते. ती कुणी धूत नाही. स्टेपनीची जागा, सीटच्या रेलचा गंज, कार्पेट उचलून खालचं फोम, कनेक्टरमधला हिरवा थर. दोन, स्कॅनर लावून. आजकालच्या गाडीत बऱ्याच मॉड्यूलमध्ये चासी नंबर नोंदलेला असतो. इंजिनचा मॉड्यूल एक नंबर सांगतो आणि दुसरा मॉड्यूल वेगळाच सांगतो, असं दिसलं की तो मॉड्यूल दुसऱ्या गाडीतून आलाय. किलोमीटरचंही तसंच: क्लस्टर ३० हजार दाखवतो आणि दुसऱ्या कुठल्यातरी मॉड्यूलमध्ये जुन्या एररची नोंद ७४ हजारांवर झालेली असते.

स्कॅनिंगला हजार-दीड हजार जातील. द्या. इस्लामपूरच्या एका पोराने आईचे दागिने मोडून गाडी घेतली होती आणि नंतर माझ्याकडे दाखवायला आला. सीटबेल्ट ओढला तेव्हा त्याचा चेहरा उतरला तो मला बघवला नाही. आधी आला असता तर, असं वाटत राहतं.

कोकणात घाटाने जाणं होतं. या गाड्यांत कुठला गिअरबॉक्स घ्यावा?

कुशाक-टायगुन कुटुंबात एक लिटरला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद देणारा) ऑटोमॅटिक आला आणि दीड लिटरला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. लोगोपेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे. या डीएसजीचे क्लच कोरडे असतात. मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखी मजा नाही. पण आंबा घाटात किंवा कुंभार्लीत ट्रकमागे चढावर मुंगीच्या पावलाने सरकायचं असेल तर क्लच अर्धवट धरून तापतो. तिथे ब्रेक दाबून थांबा, पुढे जागा होऊ द्या, मग निघा. ॲक्सिलरेटरवर गाडी चढाला धरून ठेवू नका. ज्यांचं निम्मं चालणं असंच आहे त्यांनी टॉर्क कन्व्हर्टर किंवा साधा मॅन्युअल घ्यावा.

विम्यात फरक पडतो का?

थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर असतो, ब्रँडवर नाही. १ जून २०२२ पासूनच्या दराने १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६. त्यामुळे ९९९ सीसीची टायगुन आणि कुशाक दोन्ही खालच्या गटात. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता आयडीव्हीवर, तिथे थोडा इकडेतिकडे.

ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, चालतं का?

इंजिन एक असेल तर जुळ्या गाडीचं उत्तरही एकच, पण बनवल्याचं साल बघा. पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर आणि मॅन्युअल वाचा. उसाच्या जिल्ह्यात राहून या प्रश्नावर भांडणं पुष्कळ होतात. माझं म्हणणं एवढंच की स्टिकर वाचायला अर्धं मिनिट लागतं.

कुपवाड-मिरजेच्या कारखान्यांना याचा फायदा आहे का?

आपल्या भागाला ओतकामाची सवय आहे. १९१० पासून किर्लोस्करवाडी याच जिल्ह्यात आहे, कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. छोट्या कारखानदाराला एका पार्टचे डाय, पॅटर्न आणि फिक्स्चर करायलाच मोठा पैसा घालावा लागतो. एकच पार्ट चार गाड्यांत जात असेल तर लॉट मोठा होतो, खर्च लवकर भरून निघतो.

पण धोकाही तेवढाच. पार्ट चार गाड्यांत जातो म्हणजे एक निर्णय झाला की चारही ऑर्डर एकदम थांबतात. आणि क्वालिटीची एक चूक चार गाड्यांच्या रिकॉलमध्ये निघते. कुपवाडचा माझा एक मित्र म्हणतो, "पूर्वी चार गिऱ्हाइकं होती, आता एकच आहे, फक्त चौपट मोठं." त्यामुळे तो गाड्यांच्या पार्टांबरोबर पंपाचं कामही सोडत नाही. बरोबर करतो.

जुनी घ्यायची आहे. जोडीतली कोणती घेऊ?

ज्या ब्रँडला रिसेल कमी, ती. पाया, इंजिन, गिअरबॉक्स सारखं असेल आणि गाडी दहा वर्षं वापरायची असेल तर कमी भावातली भावंड गाडी घ्या. दोन वर्षांत विकायची असेल तर मात्र जास्त खपणारा लोगो घ्या, कारण विकतानाही तोच उपयोगी पडेल. वरच्या साजाच्या पार्टांची चौकशी आधी करा. एका हेडलाइटसाठी महिनाभर थांबावं लागत असेल तर वाचवलेले पैसे तिथेच जातात.

व्हेंटो, रॅपिड, टेरानो बंद झाल्या. आता पार्ट मिळायचे बंद होतील का?

खालच्या बाजूचे नाही. व्हेंटो आणि रॅपिडचा पाया पोलोचा, आणि पोलो रस्त्यावर भरपूर आहेत. टेरानोवाल्यांना डस्टरचा माल वर्षानुवर्षं मिळत राहील. त्रास होतो तो काचा, दिवे, बंपर, दरवाजांचे रबर यांचा. टेरानोचा मागचा दिवा डस्टरला बसत नाही आणि डस्टरचा टेरानोला. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे आणि ती ठेवायची आहे, त्यांनी पुढचा एक हेडलाइट आणि मागचा एक टेललाइट आत्ताच, मिळतोय तोवर, घेऊन माळ्यावर ठेवावा. माझ्याकडे टेरानोचा डावीकडचा टेललाइट एकच उरलाय. येताना चासी नंबर घेऊन या, आरसी बुकाचा फोटो चालेल.